बिनवासाचं पाणी

आमच्या गावची नगरपालिका मला नाकाचा पगार देते, असं सगळे थट्टेनं म्हणतात आणि ते फारसं खोटं नाही. जलशुद्धीकरण केंद्रात रोज सकाळी नदीचं कच्चं पाणी एका चंबूत आणि गाळून तयार झालेलं दुसऱ्या चंबूत घ्यायचं, कोमट करायचं, बूच काढायचं आणि हुंगायचं. यंत्रं आहेत, नाही असं नाही, पण त्यांना आकडा सांगायला वेळ लागतो. नाक लगेच सांगतं. म्हणून कामाच्या दिवशी मला अत्तर नाही, लसूण नाही, आणि आंबवलेल्या सोयाबीनचं तर नावच नको. शेजारच्या टेबलावरचा कुमागाई मुद्दाम माझ्यासमोर डबा उघडून मुळ्याचं लोणचं कचाकचा खातो आणि वर विचारतो, "चिहारुबाई, मीठ बरोबर आहे ना, वासावरून?"

माझ्या वडिलांना मात्र या नाकाचं काडीचं कौतुक नाही. तोकुजिरो त्यांचं नाव. आई गेल्यापासून ते वरच्या आळीतल्या जुन्या घरात एकटे राहतात. मी गेले आणि चहा टाकला, की पहिल्या घोटाला ठरलेलं वाक्य येतं, तुमच्या नळाच्या पाण्याला पोहण्याच्या तलावाचा वास येतो. मी म्हणते, बाबा, ते क्लोरीन आहे, त्यानंच तुम्हाला जिवंत ठेवलंय. त्यावर ते म्हणतात, मला माझ्या हट्टानं जिवंत ठेवलंय. हे संभाषण इतक्या वेळा झालंय, की आता आम्ही दोघंही त्यातली आपापली वाक्यं न ऐकताच म्हणतो.

मागच्या पानगळीत त्यांनी केटली स्टोव्हवर ठेवली आणि विसरून बाजारात गेले. केटलीचा कोळसा झाला, भिंत काळी झाली, एवढ्यावर निभावलं. पण माझा थोरला भाऊ ताकाओ सेंदाईहून धावत आला आणि त्यानं बाबांच्या समोरच सांगून टाकलं, की आता असं अजून एकदा झालं तर वृद्धाश्रम. तिथली खोलीसुद्धा बघून ठेवली होती पठ्ठ्यानं. माझ्याकडून वचन घेतलं, की काही घडलं तर मी लपवणार नाही. मी वचन दिलं. काय म्हणणार होते? तो चुकीचं बोलत नव्हता आणि त्याचाच मला राग येत होता. तेव्हापासून केटली ठेवली की उकळेपर्यंत बाबा तिच्यासमोर पहारेकऱ्यासारखे उभे राहायला लागले.

फेब्रुवारीत, बर्फ कमरेपर्यंत चढलेलं असताना, एका सकाळी मी नदीच्या पाण्याच्या चंबूचं बूच काढलं आणि नाकात रॉकेल शिरलं.

अगदी पुसट होता वास. कुमागाईला दिलं तर तो म्हणाला, काही नाही. मी पुन्हा हुंगलं. होतं. तयार पाण्याच्या चंबूत अजून काही नव्हतं, म्हणजे ते नुकतंच येत होतं. आमचे साहेब ओनोदेरा हे मुळात घाईचे गृहस्थ नाहीत, पण रॉकेल म्हटल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. नदीतून पाणी घ्यायचा दरवाजा बंद करायला लावला आणि जे आत आलं होतं त्यात कोळशाची पूड सोडायला सांगितली. कोळसा वास धरून ठेवतो. गावाच्या टाक्यांत संध्याकाळपर्यंत पुरेल इतकं पाणी होतं. तोवर उगम सापडला नाही, तर दवाखान्यापासून सगळे नळ कोरडे पडणार होते. आणि न सापडता दरवाजा उघडला, तर घरोघरी रॉकेलाचा चहा.

हे कसं झालं असेल ते सांगायला कोणी तज्ज्ञ नको होता. आमच्याकडे प्रत्येक घरामागे लोखंडी पायांवर रॉकेलची टाकी असते. स्टोव्ह संपत आला की माणूस कॅन घेऊन मागे जातो, टाकीची तोटी उघडतो आणि कॅन भरेपर्यंत उभा राहतो. तोटी हळू वाहते आणि थंडी हाडात शिरते, म्हणून माणूस म्हणतो, जरा आत जाऊन येतो. आत फोन वाजतो, नाहीतर टीव्हीवर हवामान लागतं. दर हिवाळ्यात कुणीतरी हे करतंच. एरवी ते बर्फात मुरतं आणि घरातल्या घरात भांडण होऊन मिटतं. या वेळी ते नदीपर्यंत आलं होतं, म्हणजे कुणीतरी ते बर्फ गटारात लोटलं होतं. बर्फ वाहून न्यायला रस्त्याकडेनं आमच्याकडे वाहत्या पाण्याची गटारं आहेत. सकाळी उठायचं आणि दारातलं बर्फ फावड्यानं त्यात लोटायचं, हे आमच्या हातांना झोपेतही जमतं.

मी आणि कुमागाई तेल शोषणाऱ्या चादरी गाडीत टाकून निघालो. जिथे दोन गटारं मिळतात तिथे थांबायचं, झाकण उचलायचं, मी गुडघ्यावर बसून दोन्हीकडचं हुंगायचं आणि ज्या बाजूला वास त्या बाजूला वर जायचं. रस्त्यावरची माणसं बघत होती. एका बाईनं काळजीनं विचारलं, काही पडलं का तुमचं? कुमागाई म्हणाला, हो, यांची अब्रू. मलाही हसू आलं, तोवर येत होतं.

पुलाजवळ वास डावीकडून येत होता. डावीकडे कपडे धुण्याचं दुकान आहे आणि मी मनात त्या दुकानदाराला पक्कं दोषी ठरवूनही टाकलं. पण दुकानाच्या वरच्या बाजूलाही वास होता. मग शाळेचा चौक. तिथून एक फाटा देवळाकडे जातो आणि दुसरा वरच्या आळीला. मी देवळाकडचं पाणी आधी हुंगलं आणि पुष्कळ वेळ हुंगत राहिले. तिथे काही नव्हतं.

वरच्या आळीत शिरल्यावर मला नाकाची गरजच उरली नाही. आता कुमागाईलाही वास येत होता. गल्लीच्या तोंडाशी, मिसाओकाकूंच्या दारासमोर, गटाराच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा पातळ तवंग होता. मिसाओकाकूंच्या पुढे एकच घर आहे.

कुमागाईनं तिथेच थांबून चादरी पसरायला घेतल्या. मान वर न करता तो म्हणाला, "माझं नाक चोंदलंय बघा. वास इथवर आला आणि इथे संपला, असं सांगितलं तर साहेब काही उलटतपासणी घेणार नाहीत."

तो हे चांगल्या मनानं बोलत होता. मला ते करावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण वर अजून वाहत असेल तर? मी पुढे गेले.

बाबांच्या घराच्या सगळ्या खिडक्या त्या थंडीत सताड उघड्या होत्या. मागे टाकीची तोटी घट्ट बंद होती, वर दोरी गुंडाळून गाठ मारली होती. टाकीखालची जमीन मातीपर्यंत खरवडलेली होती. तिथे बर्फाचा कणसुद्धा नव्हता, आणि आळीत बाकी सगळीकडे ते कमरेएवढं होतं. टाकीपासून गटारापर्यंत बर्फ लोटल्याच्या खुणा होत्या, पण शेवटची अर्ध्यावरच थांबली होती. तिथून पावलं उलटी वळून घरात गेली होती.

मी आत गेले. वास इतका, की डोळ्यांत पाणी आलं. न्हाणीतला टब काठोकाठ पिवळट बर्फानं भरलेला होता. धुण्याची टोपली, बादल्या, भाताचं मोठं पातेलं, आईचं लोणच्याचं पिंप, सगळ्यांत रॉकेलात भिजलेलं बर्फ. टबाचं बूच कापड कोंबून पक्कं केलं होतं. स्टोव्ह विझवलेला, वीजसुद्धा मुख्य बटणापासून बंद. आणि पुढच्या दारापाशी पायरीवर बाबा बसले होते, जाड कोट, कानटोपी, शेजारी त्यांची प्रवासाची बॅग. हात लालबुंद झाले होते.

"आलीस," ते म्हणाले. "नाक घेऊन येशीलच वाटलं होतं."

मी विचारलं, फोन का नाही केलात? ते म्हणाले, तुला फोन म्हणजे ताकाओला फोन. मग त्यांनी सगळं सांगितलं. कॅन लावला, थंडी वाजली म्हणून हातमोजे आणायला आत आले आणि आईच्या फोटोसमोरचं पाणी बदलायचं राहिलं होतं ते दिसलं. ते बदललं, तिच्याशी चार शब्द बोलले. परत गेले तर सगळं भळभळ वाहून गेलेलं. कुणाच्या लक्षात यायच्या आत आवरावं म्हणून त्यांनी ते बर्फ रोजच्यासारखं गटारात लोटायला घेतलं. पाण्यावर रंग दिसला तेव्हा हात थांबला.

"मग आठवलं, हे खाली जातं तुझ्याकडे," बाबा म्हणाले. "गाव पितं ते. मग उलटं आत आणायला लागलो. जमेल तेवढं आणलं. जे गेलं ते गेलं." त्यांनी बॅगेवर हात ठेवला. "ताकाओला कळव. मी भरून ठेवलंय माझं."

मला रडू आलं. रॉकेलामुळे नव्हे, हे मी सरळच सांगते. बाहेर जाऊन मी कुमागाईला हाक मारली. त्यानं आत येऊन टब पाहिला, पिंप पाहिलं, आणि डोकं खाजवलं. मग केंद्रावर फोन लावून म्हणाला, "साहेब, सापडलं. बंद आहे. बहुतेक सगळं इथे आंघोळीला बसलंय."

आम्ही गल्लीभर चादरी पसरल्या, गटाराचं तोंड अडवलं आणि टबातलं बर्फ पिंपांत भरून नगरपालिकेच्या गाडीवर चढवलं. मिसाओकाकू मदतीला आल्या. त्यांनी बाबांच्या हातात गरम पाण्याची पिशवी दिली आणि दटावलं, की तोकुजिरो, मला हाक मारली असतीत तर माझाही टब होता की. दुपार कलायच्या आत नदीचं पाणी स्वच्छ झालं. साहेबांनी चंबू माझ्यासमोर धरला. मी हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि मान हलवली. दरवाजा उघडला. गावात कुणाच्याही चहाला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा चांगला कोट घालून, पुरण भरलेल्या मोचीचा, म्हणजे तांदळाच्या मऊ लाडवांचा, खोका घेऊन केंद्रावर माफी मागायला आले. कमरेत इतके वाकले, की मला उठून त्यांना धरावंसं वाटलं. ओनोदेरासाहेबांनी खोका उघडला, एक मोची तोंडात टाकली आणि चावता चावता म्हणाले, की मागच्या वर्षी त्यांच्या गॅरेजमध्येही हेच झालं होतं, बायको अजून ऐकवते. कुमागाईचं दोनदा झालं होतं. कारकून मुलगी, तिशीसुद्धा न ओलांडलेली, लाजत म्हणाली, माझं याच आठवड्यात झालं. बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. आपल्या डोक्याचं काही खरं नाही, हे जे ते महिनोन् महिने मनात धरून होते, ते मला त्यांच्या खांद्यांवरून उतरताना दिसलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरून ताकाओला फोन केला. वचन दिलं होतं. तोटी सांगितली, गटार सांगितलं. तो म्हणाला, बघ, मी म्हणत होतो. मी म्हटलं, अजून संपलेलं नाही, ऐक. मग स्टोव्ह, वीज, खिडक्या, दोरीची गाठ, टब आणि आईचं पिंप सांगितलं. त्याच्या मागून वहिनीचा आवाज आला, "आणि तुम्ही आपल्या ओट्यावर रॉकेल सांडलंत ते सांगा की तिला." ताकाओनं घसा साफ केला. खोलीचं नंतर बघू, म्हणाला. निदान या हिवाळ्यात तरी नाही. आणि बाबांना एक टायमर घेऊन दे, गळ्यात अडकवायचा.

बाबा स्वयंपाकघरात केटलीसमोर पहारा देत होते. मी सांगितलं तर नुसतं "बरं" म्हणाले, पण केटली सोडून येऊन बसले.

मी त्यांची बॅग उघडून सामान जागच्या जागी ठेवायला घेतलं. आतले कपडे, रेडिओ, आईचा फोटो टॉवेलात गुंडाळलेला. आणि तळाशी एक मोठी बाटली, घट्ट बूच लावलेली, पाण्यानं भरलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"काल सकाळी नळाचं भरलं, तुम्ही दरवाजा बंद करायच्या आधी," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "तिकडचं पाणी कसं असेल कुणाला ठाऊक. पहिले काही दिवस तरी आपल्या गावचं असावं."

मी बूच काढलं आणि सवयीनं हुंगलं. त्याला कसलाच वास नव्हता. मी ते केटलीत ओतलं आणि आम्ही त्याचा चहा केला.