ओल झाकणारं कपाट

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी कपाट आहे, आणि मी अजून कोणालाही माफ केलेलं नाही. जुन्या वस्तूंनी गोड आठवणी सांगाव्यात आणि शेवटी आशीर्वाद द्यावा, अशी तुमची अपेक्षा असेल. आठवणी माझ्याकडे भरपूर आहेत. गोडव्याचं मात्र मी काही कबूल करत नाही.

माझी चौकट आणि दारं सागवानी. पाठ तेवढी प्लायवूडची, कारण कपाटाची पाठ कोण बघतं? दोन दारं, चार कप्पे, कपडे टांगायला एक दांडी आणि खाली रुंद खण. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला बनवून घेतलं होतं. शिवून झालेले कपडे त्या माझ्यात टांगायच्या. गिऱ्हाईक आलं की मोठ्या ऐटीत माझं दार उघडायच्या. वर्षातून एकदा मला मेण लावायच्या आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "या घरात सांगितलेलं ऐकतं ते हे कपाटच." नवरा बिचारा पेपरात डोकं खुपसायचा. मी भिंतीपासून चार बोटं लांब उभा असायचो. मागून वारा फिरायचा. बावीस वर्षं माझ्या एकाही दाराने कुरकुर केली नाही.

बाईंचे डोळे गेले, शिवणयंत्र गेलं, मग मीही गेलो. मला विकत घेतलं ते एका घरमालकिणीने. तिचं घर विद्यापीठाच्या फाटकापासून दोनशे पावलांवर. वरच्या मजल्यावर एक खोली होती, ती शिकणाऱ्या मुलींना भाड्याने द्यायची. मुली तिला काकू म्हणायच्या. मीही तेच म्हणतो, पण मायेने नव्हे.

मला वाटलं, चला, तरुण पोरींचे कपडे, पुस्तकं, गप्पागोष्टी! आपल्या म्हातारपणाचं सोनं झालं. दोन हमालांनी मला वर चढवलं तेव्हा खोलीत नळ दुरुस्त करणारा उभा होता. त्याने भिंतीवर हात ठेवला होता आणि तो हात पुन्हा पुन्हा पँटला पुसत होता.

"काकू, पलीकडच्या बाथरूमचा पाइप आतून फुटलाय," तो म्हणाला. "भिंत फोडावी लागेल. आठ दिवस खोली रिकामी ठेवा."

"आता? मुलींच्या प्रवेशाच्या दिवसांत? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" काकू म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. एखाद्या वस्तूकडे इतक्या आनंदाने पाहिलेलं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "हे कपाट तिथे लावा. अगदी चिकटवून."

मला तिथे आणलं ते कपडे ठेवायला नव्हे, मित्रांनो. मला ओल झाकायला आणलं होतं. हमालांनी खांदा लावून रेटलं आणि माझी पाठ त्या गार, लिबलिबीत भिंतीला जाऊन चिकटली. ती पुढची सहा वर्षं सुटली नाही.

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत तेच नाटक व्हायचं. आठवडाभर आधी काकू माझ्या दोन्ही बाजूंच्या भिंतीला रंग काढायची, माझ्या कप्प्यांत डांबराच्या गोळ्या टाकायची, खिडकीत फुलांची कुंडी आणून ठेवायची. मग मुली यायच्या, बरोबर आई नाही तर वडील. त्यांच्यापुढे दोन वाटा असायच्या. एक विद्यापीठाचं होस्टेल : एका खोलीत तिघी, आंघोळीला रांग, वर्गापर्यंत पंचवीस मिनिटांची पायपीट आणि नऊच्या ठोक्याला बंद होणारं दार. दुसरी ही खोली : एकटीची, खिडकीत फुलं, आणि हाकेच्या अंतरावर वर्ग.

"होस्टेलमध्ये नुसत्या कोंबतात हो पोरींना," काकू साखरेत घोळवलेल्या आवाजात सांगायची. "इथे घरच्यासारखी राहील. एकच सांगते, कपाट हलवायचं नाही. फरशीला चरे पडतात."

आणि सगळे मान डोलवायचे! फरशीची एवढी काळजी घेणारी बाई पोरीची किती घेईल, असंच वाटायचं त्यांना. मी मात्र मूग गिळून उभा.

तिसऱ्या वर्षी एक मुलगी आली. दगडांचा अभ्यास करायची, म्हणून मैत्रिणी तिला दगडवाली म्हणायच्या. माझ्या खालच्या खणात तिने चौतीस दगड मांडले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. रविवारी ती दगड पुसायची आणि मग त्याच फडक्याने मलाही. शिवणकामवाल्या बाईंनंतर माझ्या अंगावरून प्रेमाने फिरलेला तो पहिला हात.

तोपर्यंत माझं पित्त पार खवळलेलं होतं. सूड उगवायचा, एवढंच डोक्यात. पण कपाट सूड उगवणार कसा? मी फुगलो. दार अडकवून धरू लागलो, बोटं चिमटू लागलो. पाठीतून शिरलेली बुरशी मी आत येऊ दिली, अडवली नाही. म्हटलं, होऊ दे कपडे खराब, होऊ दे बोभाटा, येऊ दे काकूला शरम. आणि झालं काय? दगडवालीचा एकुलता एक गरम कोट माझ्या पोटात बुरसटला. काकूच्या केसालाही धक्का लागला नाही. माझा राग त्या पोरीच्या छातीत जाऊन बसला. ती खोकू लागली. आधी थोडं, मग पायऱ्या चढताना, मग वाचताना ओळीओळीला.

माझ्या कडेने भिंतीवर हिरवट डाग बाहेर डोकावला तेव्हा तिने काकूला बोलावलं. काकूने कमरेवर हात ठेवले.

"खोलीत ओले कपडे वाळत घालतेस ना?"

"दोनतीनदाच घातले, काकू."

"मग ओल येणार नाही तर काय होईल? तुझ्यामुळे माझी भिंत गेली. आता तूच रंग काढून दे."

आणि मित्रांनो, त्या पोरीने माफी मागितली! एका रविवारी खोकत खोकत ब्रश घेऊन तिने माझ्या कडेकडेने रंग काढला. मला हलवलं नाही, कारण सांगितलं होतं ना, फरशीला चरे पडतात. महिन्याभराने ती दगड खोक्यात भरून गावी परत गेली. डोंगरांत जाऊन करायचं काम राहिलं, परीक्षा राहिली, वर्ष बुडालं. जाताना ती फोनवर आईला सांगत होती, "चूक माझीच होती गं. मीच नीट राहिले नाही."

त्या एका वाक्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून मी दार अडवणं सोडलं, चिमटे काढणं सोडलं. शहाण्यासारखा उभा राहिलो. काकूला वाटलं, कपाट सुधारलं. मी दबा धरून होतो.

तीन वर्षांनी ते बापलेक आले.

मुलगी गणित शिकायला आलेली, नाव चिमी नसणार, पण बाप तिला चिमीच म्हणत होता. बाप सुतार. हे मला तो बोलण्याआधीच कळलं, कारण खोलीत आल्याआल्या त्याने खिडकी पाहिली नाही, फुलं पाहिली नाहीत, तो सरळ माझ्याकडे आला. चिमी मात्र खोलीच्या मधोमध उभी राहून गोल फिरली.

"बाबा, दार आहे," ती म्हणाली.

"सगळ्याच खोल्यांना असतं."

"तसं नाही हो. बंद करता येईल असं. माझं एकटीचं."

घरी ती बापाच्या कामाच्या टेबलाच्या टोकाला बसून शिकली होती, करवतीच्या आवाजात आणि भुश्यात. भुश्याने तिची छाती लहानपणीच नाजूक झाली होती. दम लागला की तोंडात मारायचा फवारा तिच्या पिशवीच्या बाहेरच्या खिशातच होता. त्या खिशाकडे बापाची नजर सारखी जात होती. पोरीला चांगल्या हवेत ठेवायचं, हे त्याने जणू स्वतःला वचन दिलं होतं.

होस्टेलची जागा तिला मिळालेली होती. पण ती हवी की नको, हे पाचच्या आत मोबाइलवरून कळवायचं होतं. नको म्हटलं की जागा लगेच यादीतल्या पुढच्या मुलीला. चार वाजून गेले होते.

"होस्टेल नको, असं कळवू ना?" चिमीने विचारलं. तिचा अंगठा तयारच होता.

"काय म्हणता काकू, हवा चांगली आहे ना?" बापाने विचारलं. "हिला दम्याचा त्रास आहे."

काकूची पापणीही लवली नाही. "अहो, डॉक्टर हवापालटाला पाठवतात अशी हवा आहे!"

ही बाई दमा ऐकूनही थांबत नाही! पण माझ्याजवळ काय होतं? दारं अडवून पाहिली होती, बुरशीही करून पाहिली होती.

तेवढ्यात सुताराने माझ्यावर हात ठेवला. दाराच्या कडेवरून, सांध्यांवरून, बिजागऱ्यांवरून तो हात सावकाश फिरला. "वा!" तो म्हणाला. "चिमे, हे काम बघ. एक खिळा दिसत नाही. असं कपाट आता कोणी करतं का?"

आता खरं सांगतो, मित्रांनो, मी डगमगलो. एका सुताराच्या तोंडून हे ऐकायला मी सहा वर्षं त्या घाणीत तग धरून होतो. माझी पाठ आतून लापशी झाली होती, तरी पुढून मी ताठ होतो. उरलेल्या बळाने आणखी अर्धा तास ती पाठ धरून ठेवली असती, तर तो माणूस माझं कौतुक मनात घेऊन गेला असता. आणि पोर इथे राहिली असती.

त्याने दारं उघडली. सवयीने हात आत घालून पाठीवर अंगठा दाबला, सगळे सुतार दाबतात तसा.

मी पाठ सोडून दिली.

अंगठा आरपार गेला. मग मनगट गेलं. प्लायवूडचा ओला लगदा भसकन आत कोसळला आणि माझ्या पोटातून, एखाद्या उघड्या खिडकीतून दिसावी तशी, ती भिंत दिसली. काळी, केसाळ, थेंब थेंब पाझरणारी. सहा वर्षांची कोंडलेली दुर्गंधी खोलीभर पसरली. चिमीने पिशवीतला फवारा काढून तोंडाला लावला. त्या क्षणी मला माझीच किळस आली, आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की काय सांगू!

"कपाट मोडलंत माझं!" काकूने थयथयाट सुरू केला. "चांगलं धडधाकट होतं. आणि ही ओल कालपरवाची आहे, मला काय ठाऊक?"

सुताराने आवाज चढवला नाही. त्याने लगदा बोटांत चुरडला, वास घेतला, माझ्या मागच्या पायात नख रुतवून पाहिलं. "बाई," तो म्हणाला, आता काकू नाही, "पाण्याबिण्याचं मला कळत नाही. लाकडाचं कळतं. हे कालपरवाचं नाही. पाचसहा वर्षं सलग पाणी पीत होतं हे. हे इथे चिकटवून ठेवलं ते झाकायलाच."

काकूचं तोंड त्या भिंतीसारखं काळं पडलं. दगडवालीने ते तोंड पाहायला हवं होतं! तिला हे कधीच कळणार नाही. ओले कपडे, ओले कपडे म्हणत ती जन्मभर स्वतःलाच दोष देईल. म्हणून सुरुवातीलाच म्हणालो, मी माफ केलेलं नाही. काकूला नाही, आणि दगडवालीचा कोट खाणाऱ्या मलाही नाही.

चिमीने होस्टेलला होकार कळवला. कळवताना ती रडली. तिघींची खोली, रांगेतली आंघोळ, आणि बंद करता येईल असं दार नाहीच. बापाने तिची पिशवी उचलून स्वतःच्या खांद्याला लावली. जिना उतरताना त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं का? नाही पाहिलं. कुजक्या लाकडाकडे कोणता सुतार बघतो?

दुसऱ्या दिवशी काकूने मला बाहेर काढलं. आता मी अंगणात, जिन्याच्या पायथ्याशी आडवा पडलो आहे. सूड पुरा झाला, असं मी दोन दिवस समजत होतो. तिसऱ्या दिवशी चार माणसं माझ्या अंगावरून एक नवंकोरं लोखंडी कपाट वर घेऊन गेली. वरून फरशीवर घासल्याचा आवाज आला, मग रेटल्याचा, मग रंगाचा वास. लोखंड काही माझ्यासारखं कुजून बोभाटा करणार नाही. काल एक आई आणि तिची मुलगी आली होती. आईने पाय माझ्यावर टेकवून बुटाची नाडी बांधली आणि लेकीला म्हणाली, "एकटीची खोली आहे, छान होईल हो तुझं." मी ओरडायचा प्रयत्न केला. कपाटाला जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडलो.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. लाकडाला मेण लावा, फर्निचरची निगा राखा, हे सांगायला मी बोललो नाही. उद्या तुम्ही शिकायला बाहेर पडाल, खोल्या बघत फिराल. कोणी तुम्हाला फुलं दाखवेल, कोणी घरच्यासारखं म्हणेल. ऐकून घ्या, हसा, आणि मग ते कपाट भिंतीपासून ओढा. फरशीला चरे पडले तर पडू द्या. एकट्याला जड गेलं तर आईवडिलांना हात लावायला सांगा.