चौथा ठिपका

तात्यासाहेबांची गाडी हर्सूलच्या नाक्यावर वळली की तिचा आवाज माझ्या शेडपर्यंत यायचा. माणूस औरंगाबादच्या गुलमंडीवरचा कापडवाला, ताग्यातलं बोटभर कापड जास्त सोडायचा नाही, पण गाडीच्या बाबतीत अगदीच ढिला. इंजिनाच्या तोंडाशी सहा महिने साखळी खळखळत होती आणि हे म्हणत होते, जुनी आहे, कुरकुरणारच. शेवटी एक दिवस चार माणसांकडून ढकलत आणावी लागली, तेव्हा कुठं माझ्या ताब्यात दिली.

जुनी विलायती गाडी. तिच्या टायमिंग चेनपर्यंत पोचायचं म्हणजे अर्धं घर आधी अंगणात मांडावं लागतं. पाणी सोडा, रेडिएटर उतरवा, पंखा काढा, पट्टा काढा. मग हँडल अडकतं तो मोठा नट. पान्याला पाइप लावून मी अंगाचा भार टाकला, दोन-चार शिव्या घातल्या, तेव्हा तो हलला. पुली ओढून काढली, बोल्ट सोडले आणि कव्हर अलगद बाजूला घेतलं. साखळी सैल होऊन लोंबत होती. खाली लहान चाक, वर मोठं. मोठ्या चाकावरचं काळं तेल चिंधीनं पुसलं आणि माझा हात तिथंच थांबला.

दात्यांच्या कडेला तीन ठिपके होते. दोन खाली, एक वर, बेलाच्या पानासारखे.

ही खूण एकच माणूस करायचा. माझा थोरला भाऊ, रामकिसन. दोन्ही चाकं कशी जुळवायची ते पुढच्या वेळी कळावं म्हणून प्रत्येक मिस्त्री आपली खूण करतो. कोणी छिन्नीची रेघ मारतं, कोणी एक टोला. दादा पंचाचं पोलादी टोक ठोकून बेलपान काढायचा. मी हे काम त्याच्याच हाताखाली शिकलो. आम्हा दोघांत आणखी एक ठरलेलं होतं. मनात काही राहिलं असेल तर बेलपानाखाली चौथा ठिपका मारायचा. दुसऱ्यानं तो पाहिला की समजायचं, मला येऊन भेट.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली दादा लॉरी घेऊन बीदरकडे गेला आणि परत आला नाही. लॉरी जळालेली सापडली. आत जे होतं ते ओळखण्यासारखं नव्हतं. वडिलांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. पुढं तीन वर्षांनी वडीलधाऱ्यांनी दादाच्या बायकोचा, आवडाचा, माझ्याशी पाट लावून दिला. आमचा पोरगा आता शाळेत जातो.

खूण ॲक्शनच्या आधीची असेल, असं मी स्वतःला समजावलं. तात्यासाहेब आले तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, ते चाक नवं आहे. चार वर्षांपूर्वी परभणीच्या रस्त्यावर जुन्याचे दाते झडले, तेव्हा मुंबईहून मागवलेलं. बसवणाऱ्या मिस्त्रीचं अर्धं तोंड भाजलेलं होतं. फारसा बोलत नव्हता. गाडी औरंगाबादची म्हटल्यावर मात्र त्यानं विचारलं, तिथं इंजिनं कोण उघडतं? तात्यासाहेबांनी माझं नाव सांगितलं. तोंडाला कुलूप नसलेला माणूस, पुढं काम चालू असताना माझं घर, आवडा, पोराचं बारसं, सगळं सांगून मोकळा झाला.

"कव्हर लावून झालं होतं बघ, बन्सी," ते म्हणाले. "त्यानं परत उघडलं. एक काम राहिलं म्हणाला. आत कानशीनं काहीतरी घासलं आणि बंद केलं."

मागच्या साली ते त्या रस्त्यानं गेले तेव्हा तिथली शेड बंद होती. मिस्त्री कुठं गेला, कोणालाच माहीत नव्हतं.

ते गेल्यावर मी चाक सोडवून उन्हात नेलं. बेलपानाखाली घासलेली जागा होती. तिरपं धरलं की मधला खळगा दिसायचा. चौथा ठिपका. आधी मारलेला, मग पुसलेला.

दादा जगला होता. इतकी वर्षं कुठं होता, का आला नाही, देव जाणे. पण त्यानं मला बोलावलं होतं, आणि माझा संसार कोणाशी झाला ते ऐकून बोलावणं मागं घेतलं होतं. मला रडू यायला हवं होतं. आधी आली ती भीती. तो दारात उभा राहिला तर मी कोण? पोरानं बाप कोणाला म्हणायचं? भर दुपारी पाठीमागं कोणी उभं आहे असं वाटत राहिलं, आणि वळून बघायची छाती होईना. मी कानस उचलली. उरलेले तीन ठिपकेही घासून टाकले की विषय संपला असता.

तेवढ्यात आवडा भाकरी घेऊन आली. चाक लपवायला वेळ मिळाला नाही. आमच्या जात्यावर दादानं तेच बेलपान काढलेलं होतं, रोज पहाटे ती त्याच्यासमोर दळायला बसते. तिनं पाहिलं आणि भाकरी खाली ठेवून चाकाशी बसली. मग मी तिला सगळं सांगितलं. घासलेल्या जागेवरून ती बोट फिरवत राहिली.

"जित्ते हायेत?"

"चार वर्षांमागं व्हता. आता कुठं हाय, ठाऊक नाय." मग मी म्हणालो, "हे पुसून टाकतो, आवडे. कुणाला कळायचं नाय."

तिनं माझ्या हातातून कानस काढून घेतली.

"त्यांनी आपल्यासाठी पुसलं. आपुण बी आपल्यासाठीच पुसायचं व्हय?" तिनं चाक उचलून ऐरणीवर ठेवलं. "मारा तो ठिपका. मी धरते."

"आन् दादा आला तर?"

"आलं तर दारात उभी ऱ्हाईन. पुढचं मला बी ठाऊक नाय."

तिनं दोन्ही हातांनी चाक दाबून धरलं. मी पंच टेकवून हातोडी मारली. ठिपका जरा वाकडाच पडला.

नवी साखळी बसवली, गाडीची खळखळ थांबली, तात्यासाहेब खूश होऊन गेले. पण एका गाडीत मारलेली हाक कुठवर पोचणार? तेव्हापासून माझ्या हातून बंद होणाऱ्या प्रत्येक इंजिनात बेलपान असतं आणि त्याखाली चौथा ठिपका. गाड्या जालन्याला जातात, परभणीला, नांदेडला. कुठंतरी एखादं कव्हर तो उघडेल.

नाक्यावर लॉरी थांबली की मी काम सोडून बघतो. शेडमागच्या घरात आवडाचं जातं थांबतं. कोणी उतरत नाही, लॉरी निघून जाते, आणि मला बरं वाटतं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटते, आणि मी पुढच्या चाकावर पंच धरतो.