ताशी चार मैल

“डॅड, डब्याला सीटबेल्ट कशाला?” हेझलने विचारलं.

“ब्रेक लागला तर?” कीथ म्हणाला.

डबा टॉफीचा होता. आत टॉफी नव्हती, डिलिस होती. स्मशानवाल्यांनी दिलेला कलश गोल बुडाचा होता, आणि गोल बुडाची वस्तू नावेवर न्यायची नसते एवढी अक्कल कीथ ऑलरनशॉला सत्याहत्तराव्या वर्षीही शाबूत होती. स्वयंपाकघरात बसून त्याने चमच्याने बायको डब्यात भरली. उरली तर काय करायचं ही चिंता होती, पण बरोब्बर मावली. आयुष्यभर ती तशीच होती, दिलेल्या जागेत मावणारी.

“अजून परत फिरता येईल,” हेझल म्हणाली. हे ती स्टोन गाव सोडल्यापासून चौथ्यांदा म्हणत होती. “चौतीस वर्षं झाली त्या चोरीला, सत्तावीस वर्षं झाली आपण नाव विकून. आता काय राहिलं असेल तिच्यात?”

“तळ राहतो. आणि नंबर राहतो.”

“आईला घरामागच्या कालव्यातही सोडता आलं असतं. पाणी तेच आहे.”

“हे बघ, बदके,” कीथ म्हणाला. तो तिला लहानपणापासून बदक म्हणायचा. त्या भागात पोस्टमनलाही बदकच म्हणतात. “तुझी आई हॉस्पिटलात माझा हात धरून काय म्हणाली? ‘नावेवरचे ते दिवस, कीथ.’ एवढंच म्हणाली. मग दोन दिवसांनी गेली. आता मी सुकाणू धरणार आणि मागच्या टोकावरून तिला सोडणार. दुसऱ्या कुठल्या नावेवरून नाही.”

कुठले दिवस, असं विचारायची त्याला गरज वाटली नव्हती. हेझलने आरसा नीट केला. तो आधीच नीट होता.

कीथने अडतीस वर्षं घरोघरी जाऊन गॅसचे मीटर वाचले होते. आकडे त्याच्या डोक्यात जात आणि बाहेर पडायचा रस्ता विसरत. डिलिसचा वाढदिवस तो दोनदा विसरला होता, नावेचा नंबर ४८३१७ एकदाही नाही. नॅरोबोटीचं, म्हणजे कालव्यातल्या लांब चिंचोळ्या नावेचं, नाव मालकागणिक बदलतं, नंबर बदलत नाही. फेब्रुवारीत डिलिस गेल्यापासून त्याने इंग्लंडमधल्या प्रत्येक बोटयार्डाला फोन लावला. त्याची ‘लेडी डिलिस’ आधी ‘टॅक्स रिफंड’ झाली होती, मग ‘ब्लॅक पुडिंग’, आणि हल्ली ‘नमस्ते’. सगळा देश पालथा घातल्यावर ती सापडली घरापासून वीस मैलांवर, ऑडलेमला.

चोरीची गोष्ट तो आजही पबमध्ये सांगायचा, आणि लोक आजही ऐकायचे, कारण दुसरा इलाज नसायचा.

एकोणनव्वदचा ऑगस्ट. डिलिस आठ वर्षांच्या हेझलला घेऊन समुद्रकाठच्या रिलला बहिणीकडे गेली होती. कीथ संध्याकाळी नावेवर एक चक्कर मारायला गेला तर नाव जागेवर नाही. साठ फूट लांब वस्तू गायब. त्याने पोलिसांना फोन केला.

“चोर कुठल्या वेगाने पळालाय?” पोलिसाने विचारलं.

“ताशी चार मैल. त्याच्यावर इंजिन जात नाही.”

“म्हणजे चालत गेलो तरी सापडेल.”

“चालत गेलात तर पुढे निघून जाल.”

पोलिसाने सायकलवरून माणूस पाठवला, पण दक्षिणेला. कारण कीथने छातीठोक सांगितलं, उत्तरेला लॉकच लॉक आहेत, नाव वर-खाली करणारे दरवाजांचे हौद, एकामागून एक; प्रत्येक लॉकला उतरा, हँडल फिरवून पाणी सोडा, दरवाजे ढकला. इतकी मेहनत करायची तयारी असती तर तो चोर कशाला झाला असता? बरोबर अकराव्या दिवशी उत्तरेच्या बाजूला, घरापासून दोन मैलांवर, एका गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याला ‘लेडी डिलिस’ दिसली. दोर नीट बांधलेले. पितळ घासलेलं. खिडक्या धुतलेल्या. आणि दारावरचे उडालेले गुलाब नव्याने रंगवलेले.

फक्त नोंदवही तेवढी गेली होती.

“ही चोरी आहे का सर्व्हिसिंग?” असं पोलिसाने विचारलं, आणि इथे पबमध्ये हशा पिकायचा. कीथने गावच्या वर्तमानपत्रात ‘चोरास जाहीर आभार’ असं पत्रही छापून आणलं. गुलाब तर त्याने मुद्दाम लेन पर्सलोला बोलावून दाखवले, कारण कालव्यावरच्या निम्म्या नावा लेन रंगवायचा आणि मूळचे गुलाबही त्याचेच होते. लेन पुष्कळ वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “हात चांगला आहे.”

डिलिसच्या अंत्यविधीला सगळ्यात जास्त लेनच रडला. कीथने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि अंड्याचं एक सँडविच जास्तीचं दिलं.

‘नमस्ते’वर जोसलिन आणि पिअर्स नावाचं जोडपं राहत होतं. ती योग शिकवायची, तो पूर्वी दातांचा डॉक्टर होता आणि आता काहीच करत नव्हता, पण फार मन लावून. जोसलिनने कीथला हात जोडून नमस्कार केला. कीथने डबा काखेत धरून जमेल तितका परत केला.

नाव जांभळी झाली होती. छतावर सौर पॅनेल आणि पुदिन्याच्या कुंड्या होत्या. कीथ मात्र दुखरा गुडघा सांभाळत खाली वाकून पाटीवरचा नंबर बोटाने चाचपत होता. चार, आठ, तीन, एक, सात. मग त्याने नावेच्या अंगावर एकदा थाप मारली, घोड्याला मारतात तशी.

“चहा घ्याल ना?” जोसलिन म्हणाली. “मग पुढच्या लॉकपर्यंत जाऊ. सुकाणू तुम्हीच धरा, अगदी तुमचीच समजा! आणि तुम्हाला एक गंमत दाखवायचीय. मागच्या वर्षी पलंगाखालची फळी काढली, तर आत काय सापडलं असेल?”

तिने टेबलावर हिरव्या पुठ्ठ्याची वही ठेवली.

“माझी वही!” कीथ ओरडलाच. तारीख, नाविक, लॉक, हवा, शेरा असे रकाने त्याने स्वतः पट्टी लावून आखले होते. “मला वाटलं चोराने नेली!”

“नेली कुठली, भरली!” पिअर्स टाळी वाजवत म्हणाला. “तुम्ही फोनवर चोरीचं सांगितलंत ना, तेव्हा आम्हाला उलगडा झाला. अकरा दिवसांच्या नोंदी आहेत. चोरांनी लॉगबुक लिहिलंय हो!”

“बघ, मी काय म्हणत होतो!” कीथ हेझलकडे वळला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. “सज्जन माणूस. एकही रकाना रिकामा नसेल, बघ तू.”

“डॅड, आपण निघूया,” हेझल म्हणाली.

“चहा तर होऊ दे. वाचा हो, माझा चष्मा गाडीत राहिला.”

पाहुणे आले की ही वही वाचायची त्या घरची पद्धतच असावी, कारण जोसलिनने घसा साफ केला, पिअर्सने बिस्किटं जवळ ओढली.

“चोवीस ऑगस्ट. नाविक: डी., एल. आणि छोटी. लॉक: चौदा. हवा: ऊन. शेरा: दिवसभर सुकाणूवर मी. दरवाजे एल. उघडतो. तक्रार करत नाही.”

“डी. म्हणजे डेरेक असणार,” कीथ म्हणाला. “एक डेरेक होता त्या वेळी, कोंबड्याही चोरायचा.”

“पंचवीस ऑगस्ट. लॉक: बारा. आजही सुकाणू माझ्याकडे. बोगद्यात शीळ घातली. एल. म्हणतो, शीळ बेसूर आहे. पण घाल म्हणतो.”

पिअर्स मनापासून हसला. कीथही हसला. नावेवर एक पद्धत असते आणि ती कुणी ठरवलेली नसते: नवरा मागे उभा राहून सुकाणू धरतो, बायको उडी मारून उतरते आणि दरवाजे ढकलते. कीथच्या नावेवर पंधरा वर्षं तसंच चाललं. डिलिसच्या हातात सुकाणू त्याने एकदाच दिलं होतं, लघवीला गेला तेव्हा. चार मिनिटं.

“आणि हे बघा, छोटीने चित्र काढलंय. किती गोड!” जोसलिनने वही त्याच्यासमोर धरली.

वाचायला चष्मा लागत होता, बदक बघायला नाही. बदक निळ्या पेन्सिलीने काढलेलं होतं आणि त्याच्या पायांत गुडघ्यापर्यंत गमबूट होते.

हेझल पाच वर्षांची असताना कीथने तिला सांगितलं होतं, थंडीत बदकांचे पाय गारठतात, बिचाऱ्यांना बूट कोण देणार? तेव्हापासून तिच्या एकाही बदकाला तिने अनवाणी ठेवलं नव्हतं. त्यांच्या फ्रिजवर अशा बदकांची पलटणच होती.

त्या अकरा दिवसांत कीथने रिलला रोज फोन केला होता. मेहुणी रोज सांगायची, दोघी समुद्रावर गेल्यात. अकरा दिवस समुद्रावर. तो म्हणायचा, टोपी घालायला सांग.

कीथने वर पाहिलं. हेझल खिडकीतून बाहेर बघत होती. तिचे कान लाल झाले होते. आठव्या वर्षीही असेच व्हायचे.

“पुढे वाचा,” कीथ म्हणाला.

“डॅड...”

“पुढे वाचा, बाई.”

“हे तर आमचं सगळ्यात आवडतं!” जोसलिन म्हणाली. “एकोणतीस ऑगस्ट. परत फिरायचं ठरवलं. एल. विचारतो, कशासाठी? सोमवारी छोटीची शाळा. पण नाव वळवायची रुंद जागा मागे राहून गेली, आता पुढची चार मैलांवर. म्हणजे आणखी एक तास. देवाचे उपकार.”

“काय लिहिलंय!” पिअर्स म्हणाला. “एक तास!”

कीथ कान देऊन ऐकत होता. मीटर वाचताना तो असाच वाकायचा. त्याला एकच बघायचं होतं, आपलं नाव कुठे येतं का. तीस तारखेला बगळा आला. एकतीसला टोमॅटो सूप आलं. एक सप्टेंबरला एल.ने दारावरचे गुलाब रंगवायला घेतले आणि दोन तारखेला पाऊस आला.

“आणि हे शेवटचं. तीन सप्टेंबर. लॉक: दोन. पितळ घासलं. के.ला पितळ चकचकीत आवडतं.” जोसलिनने वही मिटली. “संपलं. इतकंच!”

“हा के. कोण ते कळत नाही,” पिअर्स म्हणाला. “पहिल्यापासून कुठेच नाही, एकदम शेवटी. आमचा अंदाज, कुत्रा.”

“असेल,” कीथ म्हणाला.

त्याने चहा पूर्ण संपवला. बिस्किटही खाल्लं. मग पिअर्सने इंजिन सुरू केलं आणि सगळे मागच्या टोकावर आले. इंजिन जुनंच होतं. तो आवाज ऐकायला कीथ चार महिने इंग्लंडभर फोन करत होता.

“या, धरा,” पिअर्सने सुकाणूपासून बाजूला होत म्हटलं.

“हेझल धरेल. लॉकचं हँडल कुठाय तुमचं?”

“अहो, लॉक मी बघतो. तुमचा गुडघा...”

“हँडल द्या.”

पिअर्स आणि जोसलिन नावेच्या पुढच्या टोकाला जाऊन बसले. हेझलने सुकाणू धरलं, आणि ते ज्या सवयीने धरलं ते कीथला दिसलं. त्याने काही तिला शिकवलं नव्हतं.

“डॅड, मी आठ वर्षांची होते.”

“हो.”

“आई म्हणाली, हे आपलं गुपित. रोज आइस्क्रीम मिळायचं.”

“कुठलं?”

“काय?”

“आइस्क्रीम.”

“स्ट्रॉबेरी,” हेझल म्हणाली आणि रडायला लागली.

“पुढे बघ. नाव उजवीकडे जातेय.” कीथने टॉफीचा डबा तिच्यासमोर छतावर ठेवला, सुकाणूच्या अगदी जवळ. थोडा विचार करून आणखी दोन बोटं जवळ सरकवला. “आणि एक हात त्याच्यावर ठेव. पडेल.”

“सोडायचं नाही का आईला? तुम्ही म्हणाला होतात, सुकाणू धरून...”

“पुढचं काय ते तू बघ,” तो म्हणाला आणि काठावर उतरला. उडी मारायची पद्धत आहे, पण तो एक पाय टाकून, थांबून, मग दुसरा टाकून उतरला.

लॉकचा दरवाजा ओकच्या आडव्या ओंडक्याला पाठ लावून ढकलायचा असतो. डिलिस हे हसत करायची. निदान लांबून तरी ते हसूच वाटायचं. कीथने पाठ लावली. दरवाजा हलला नाही. वाटेने कुत्रा फिरवणारी एक बाई थांबली आणि म्हणाली, “टाचा रोवा, आजोबा, जोर पायांत असतो.” त्याने टाचा रोवल्या. गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं आणि दरवाजा हलायला लागला.

नाव आत आली. त्याने मागे दरवाजा लावला, पलीकडे जाऊन हँडल फिरवून पाणी सोडलं. नाव हळूहळू खाली जायला लागली. आधी हेझलचे बूट दिसेनासे झाले, मग कोट, मग डबा, शेवटी तिचं डोकं. वरून बघताना फक्त काळी ओली भिंत राहिली आणि इंजिनाचा आवाज. एवढी वर्षं तो त्या भिंतींच्या आत उभा राहायचा. इथून कसं दिसतं ते त्याला माहीत नव्हतं.

त्याने खालचे दरवाजे उघडले, एक इकडचा आणि पूल ओलांडून एक तिकडचा. नाव बाहेर पडली.

“पुढच्या वळणाला थांबतो!” पिअर्स पुढून ओरडला. “इथे जागा नाही!”

हेझलने मागे वळून पाहिलं. तिचा एक हात सुकाणूवर होता, दुसरा डब्यावर.

कीथने हात हलवला नाही, कारण दोन्ही हात कामात होते. लॉकमधून शेवटी जो जातो, त्याने दरवाजे लावून जायचे असतात. त्याने इकडचा दरवाजा लावला. पूल ओलांडून तिकडचा लावला. पाणी सोडायच्या झडपा उतरवल्या, हँडल कोटाच्या खिशात टाकलं, आणि पायवाटेला लागला.

नाव वळणाच्या अलीकडे होती. ताशी चार मैलांनी चालली होती. कुणीही चालत जाऊन गाठली असती.