बांधात रोवलेलं फावडं

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी सायकलवरून समुद्राच्या बांधाकडे निघाले, तर वायव्येच्या कोपऱ्यावर, शेजारच्या टाडेच्या वाट्यात, एक फावडं उभं दिसलं. दांडा आभाळाकडे, पातं अर्धं मातीत. जवळ गेले. फावडं नामेनचं होतं, टाडेच्या थोरल्या भावाचं. दांड्याला त्यानं गुंडाळलेली निळी पट्टी तशीच होती. सायकल तिथंच आडवी टाकून मी गवतात बसले. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

आमच्याकडे बांधात फावडं रोवणं म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. आपल्या वाट्याचा बांध ज्याला झेपत नाही, त्यानं फावडं रोवायचं आणि घरादारावरचा हक्क सोडायचा. जो कुणी ते उपसेल त्याचं घर, त्याची जमीन, आणि बांधही त्याच्याच गळ्यात. कायद्यातून ही रीत कधीच गेली. माझ्या आजोबांच्या हयातीतही कुणी फावडं रोवलं नव्हतं. पण टाडे जुन्या वळणाचा माणूस. आम्हा सगळ्यांना बोलावून सांगण्यापेक्षा त्याला हे सोपं वाटलं असणार.

आमची वस्ती सात घरांची. सरकारचा मोठा बांध आमच्या पाठीमागे आहे, म्हणजे सरकारच्या लेखी आम्ही समुद्रातच राहतो. आमच्यापुढचा छोटा बांध आमचा आम्ही सांभाळायचा. घरागणिक वाटा ठरलेला. बांधपट्टी सगळेच भरतात, त्यातून कुंपण, पाणी बाहेर सोडायच्या झडपेची दुरुस्ती असलं काहीबाही होतं. चिकणमाती जिल्हा कचेरीकडून ट्रकनं येते, पण दोन अटींवर. मेहनत आमची हवी, आणि प्रत्येक वाट्याच्या घरात माणूस राहता हवा. एक वाटा बेवारस झाला की माती बंद. माती बंद झाली की पाच-सहा हिवाळ्यांत आम्हीही बंद. बांध मंडळाची प्रमुख मी आहे, कारण वाऱ्याच्या तोंडाला उभं राहूनही माझा आवाज दुसऱ्या टोकाला पोचतो. माझी दुसरी काही लायकी आहे असं इथं कुणी म्हणत नाही.

टाडे आणि नामेन, दोघंही बिनलग्नाचे, एका घरात राहिलेले. त्यांचा कोपरा सगळ्यांत वाईट, हिवाळ्यात लाटा तिथंच येऊन आपटतात. उखडलेल्या जागी माती भरायची आणि वर गवताच्या लाद्या, म्हणजे मुळांसकट चौकोनी कापलेलं गवत, लावायच्या, हे दर वर्षीचं काम, आणि ते दोघांचं काम आहे. एकानं लादी कापायची, दुसऱ्यानं बसवून ठोकायची. नामेन कापायचा, टाडे बसवायचा, आणि दिवसभर दोघं भांडायचे. जानेवारीत नामेन गेला.

मी तशीच टाडेच्या स्वयंपाकघरात शिरले.

"हे काय आरंभलंयस?"

"बघितलंस ना? फावडं आहे."

"नामेनचं आहे."

"माझं मला लागणार आहे. इंकेनच्या बाल्कनीत टोमॅटो लावायचेत." इंकेन ही त्यांची भाची, हुजुम शहरात राहते.

"फावड्यानं? बाल्कनीत?"

"गुडघे गेले, वीबके. वय झालं. कचेरीची शरदातली पाहणी व्हायच्या आत जातो, म्हणजे नवीन माणसाचं नाव घालता येईल तुला."

"नवीन माणूस काय भरतीबरोबर वाहून येणार आहे?"

"चहा घे," तो म्हणाला आणि खडीसाखरेचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. त्याच्याशी भांडायचं तर समोर नामेनच लागतो.

टाडेनं जाऊ नये असं मला वाटत होतं. सरळच सांगते. बांधासाठी वाटत होतंच, पण बांध नसता तरी वाटलं असतं. चाळीस वर्षं मी त्या घराच्या खिडकीतला दिवा बघून झोपते.

मंडळाची बैठक माझ्याकडेच झाली. कील शहरातल्या एका दंतवैद्यानं टाडेचं घर सुट्टीपुरतं घ्यायची तयारी दाखवली होती. बांधपट्टी दुप्पट देईन, म्हणत होता.

"आणि लाद्या कोण लावणार?" मी विचारलं.

"माणसं पाठवीन म्हणतोय," कुणीतरी म्हणालं.

"वादळ काय त्याची वेळ घेऊन येतं?" मेल्फ म्हणाला. मेल्फच्या मेंढ्या बांधावर चरतात. "पैसे पाठवेल. आपण नोटा चिकटवू बांधाला."

सगळे हसले, पण फावडं उपसायला कुणीच तयार नव्हतं. स्वतःचा वाटा सांभाळतानाच एकेकाची कंबर मोडलेली. आणि शेजाऱ्याचं घर त्याच्या डोळ्यांदेखत कोण घेणार? तीन आठवडे फावडं तसंच उभं राहिलं. आम्ही सगळे तिथून जाताना दुसरीकडे बघायचो, मेंढ्यासुद्धा वळसा घालायच्या.

सप्टेंबरात मी टाडेकडे चहाला बसले होते. दारावर टकटक झाली. स्वांत्ये उभी होती. ही मुलगी जुलैत हॅम्बुर्गहून आलेली, मेल्फच्या माळ्यावर भाड्यानं राहणारी. कॉम्प्युटरवर बसून कुठली कुठली भाषांतरं करते आणि संध्याकाळी वाऱ्यात फिरते. तिच्या हातात नामेनचं फावडं होतं, घासूनपुसून तेल लावलेलं.

"बांधावर कुणीतरी विसरलं होतं," ती म्हणाली. "मेल्फ म्हणाले तो कोपरा तुमचा. गंजायला लागलं होतं, म्हणून जरा साफ करून आणलं."

मला कपाळावर हात मारावासा वाटला. एवढी माणसं वळसा घालून जात होती, आणि त्या मेल्फला या पोरीला एक शब्द सांगता आला नव्हता.

टाडे उठला. त्यानं फावड्याकडे पाहिलं, मग भिंतीतल्या खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या हातात दिला.

"ही पुढच्या दाराची. ही गोठ्याची. ही मागच्या दाराची, पण ते नुसतं उघडत नाही. जरा उचलून ढकलावं लागतं."

स्वांत्ये माझ्याकडे बघायला लागली. मी तिला सगळं सांगितलं. ती तशीच मागे वळली.

"मी आत्ता जाऊन परत लावते."

"असं नसतं," टाडे म्हणाला.

"पण मला घर नकोय! म्हणजे, हवंय. सहा महिने शोधतेय. पण असं नको."

"हवंय ना? मग झालं. शनिवारी इंकेन येईल न्यायला."

मी दोघांवरही ओरडले. त्याला म्हातारा गाढव म्हणाले, तिला काय म्हणाले ते आता आठवत नाही. कुणावर काही परिणाम झाला नाही. रीत ती रीत, असं टाडेचं. बाहेर आल्यावर स्वांत्ये माझ्या सायकलच्या बाजूनं चालत राहिली आणि एकेक विचारत राहिली. बाहेरच्या माणसानं उपसलं तरी चालतं का? चालतं. बाईनं? तेही चालतं. आणि नाही झेपलं तर?

"तर तूही रोव आणि चालती हो," मी म्हणाले. डोकं फिरलं होतं माझं.

शनिवारी लाद्या लावायचा दिवस. माती आदल्याच आठवड्यात येऊन पडली होती. सगळे आपापल्या वाट्यावर होते आणि टाडेच्या कोपऱ्यात स्वांत्ये एकटी. लादी कापायची, उचलून चढावर न्यायची, बसवायची, परत खाली यायचं. कापायची मात्र झकास, चारी कडा सरळ. बसवताना सगळाच आनंद होता. मदतीला जावंसं वाटत होतं, पण मी गेले नाही, कारण खाली टाडे फाटकाशी उभा होता. अंगात कोट, पायांत चकचकीत बूट, शेजारी बॅग. तो रस्त्याकडे बघत नव्हता.

थोडा वेळ त्यानं सहन केलं. मग तो चढ चढून आला.

"न्हाणीघराच्या फरशा बसवतेयस का?"

"का? सरळ तर आहेत."

"सरळ आहेत तेच चुकलंय. सांधा सांध्याखाली आला की पाण्याला शिडी मिळते. अर्धी सरकव. सरक बाजूला."

तो गुडघ्यांवर बसला. गेलेल्या गुडघ्यांवर. तिनं कापून द्यायची, यानं बसवून मुठीनं ठोकायची. "जाड काप." "आता फार जाड." "माती झटक, पाव आहे का तो?" आम्ही बाकीचे आपापल्या वाट्यावर हळूहळू काम करत होतो, म्हणजे ऐकू यावं. जानेवारीपासून त्या कोपऱ्यात कुणी भांडलं नव्हतं.

मग रस्त्यावर इंकेनची गाडी येऊन थांबली आणि तिनं हॉर्न वाजवला. टाडे उठला. हात पुसले. बुटांकडे पाहिलं.

"बरं. शिकशील तू," तो म्हणाला आणि उतरायला लागला.

स्वांत्येनं फावडं उचललं. दोन्ही हातांनी दांडा धरून, पातं पायानं दाबून, तिनं ते बांधात रोवलं. आवाज ऐकून टाडे वळला.

"माझ्याच्यानं होत नाही," ती म्हणाली.

माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या मेल्फनं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"खोटं बोलतेस," टाडे म्हणाला. "हात चांगला आहे तुझा."

"एकटीच्यानं होत नाही. मी कापीन. बसवणार कोण?"

टाडेनं आम्हाला गुडघे सांगितले होते, वय सांगितलं होतं, इंकेनची बाल्कनी सांगितली होती. एकट्याच्यानं होत नाही, हे मात्र तो कुणालाच बोलला नव्हता. आणि मलाही, रोज त्याचा चहा पिऊन, विचारायचं सुचलं नव्हतं.

"फावड्याला कुणी हात लावायचा नाही," मी म्हणाले. नेहमीसारखं ओरडायचं होतं, पण हळूच म्हटलं गेलं. तरी सगळ्यांनी ऐकलं. इंकेननं गाडीचं इंजिन बंद केलं.

स्वांत्ये फावड्यापासून दोन पावलं मागे सरकली. घरासाठी ती सहा महिने वणवण करत होती, आणि किल्ल्या तिच्या खिशात होत्या. तिनं त्या काढल्या आणि गवतावर, फावड्याच्या पायथ्याशी ठेवल्या.

टाडे चढ चढून वर आला. आधी त्यानं निळ्या पट्टीवर हात ठेवला, मग दुसरा हात. एका झटक्यात नाही निघालं. त्यानं दांडा मागेपुढे हलवला, शिवी दिली आणि उपसलं. पात्याला चिकटलेली माती त्यानं चकचकीत बुटानं काढली.

"घे," फावडं स्वांत्येपुढे धरून तो म्हणाला. "पातळ कापू नकोस. नामेन पातळ कापायचा, जन्मभर सांगून थकलो."

मग खाली बघून हाक मारली, "इंकेन, ती बॅग वाटेतून काढ! ढकलगाडी जायची आहे."

इंकेन बॅग घेऊन घरात गेली. गाडीकडे नाही, घरात. टाडेनं वाकून किल्ल्या उचलल्या, जुडग्यातली एक बोटांनी ओढून सोडवली आणि स्वांत्येच्या ओंजळीत टाकली.

"नामेनची खोली रिकामीच आहे," तो म्हणाला. "मागचं दार. लक्षात आहे ना? उचलून ढकलायचं."