मोज्यांच्या खणातले दोन महिने

मी बोलतेय, मोज्यांच्या खणात दोन महिने कोंबून ठेवलेली बाटली. तपकिरी काचेची, बोटाएवढी; पोटात गांजाचं तेल. दचकू नका, रीतसर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलेय. कर्करोग बरा करायची ताकद माझ्यात नाही. केमोनंतरची मळमळ तेवढी कमी करते, चार घास पोटात जाऊ देते. पण तेवढंही मला कुणी करू देईल तर शपथ!

माझी मालकीण ग्लेनिस, वय अडुसष्ट. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये, गव्हाच्या शेतावर एकटी राहते. दर मंगळवारी केमोसाठी दीडशे किलोमीटर स्वतः गाडी हाकत जाते. आमच्याकडे पोलीस रस्त्यात चालकाची लाळ तपासतात. माझा अंश सापडला की लायसन्स गेलं, चिठ्ठी असो नाहीतर नसो. हे घ्या आणि गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईसाहेबांनी मान डोलावली आणि घरी येऊन मला मोज्यांखाली सारलं.

का? तर कापणीचे दिवस, लोकांना कशाला त्रास! ही माणसं दुसऱ्यासाठी जीव टाकतील, स्वतःसाठी कुणाकडे शब्द टाकणार नाहीत. गावही तसलंच. ग्लेनिस आजारी म्हटल्यावर घराघरातून मटण स्ट्यू येऊ लागला. दवाखान्यात कशी जातेस, हे एकानेही विचारलं नाही. फ्रीजरचं दार लागेना, आणि ही इकडे बादलीत ओकतेय. खणात पडल्या पडल्या माझा नुसता संताप व्हायचा.

वजन उतरत गेलं. आणखी दोन किलो गेलं तर केमो थांबवावी लागेल, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं. तरी ही ढिम्म.

एका रविवारी शेजारचा नेविल स्ट्यूचं सातवं भांडं घेऊन आला. ग्लेनिसचे पाय गार पडले होते, म्हणून तो मोजे काढायला गेला आणि मी त्याच्या हाती लागले. त्याने माझ्यावरचं लेबल नीट वाचलं.

"सीलसुद्धा फोडलं नाहीस?"

"मग गाडी कोण चालवणार, तुझा कुत्रा?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझा गहू उभा आहे, नेविल."

तो पलंगाच्या कडेला बसला. "वणवा आला तेव्हा माझी तीनशे मेंढरं तू तुझ्या ट्रकमध्ये घालून बाहेर काढलीस. तुझाही गहू उभाच होता. मी बोलावलं होतं तुला?"

ग्लेनिसने गाडीची किल्ली त्याच्यापुढे सरकवली आणि मला मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नेविलने गावच्या अग्निशमन दलाच्या शेडवर, कुठल्या मंगळवारी ग्लेनिसला कोण नेणार, याची यादी लावली. दुपारपर्यंत ती नाताळाच्या पुढे भरली, एका मंगळवारावरून तर दोघांचं भांडण झालं. आणि ग्लेनिसने त्याच आठवड्यात नेविलच्या स्ट्यूचे चार चमचे खाल्ले. मीठ जास्त झालंय म्हणाली. त्याने ते आनंदाने ऐकून घेतलं.

आता मी खिडकीत, किटलीशेजारी असते. तळाशी दोन दिवसांचं तेल उरलंय. गेल्या मंगळवारी काटा अर्धा किलो पुढे सरकला, केमो चालू आहे. मी संपले की कचऱ्यात जाईन, त्याचं वाईट वाटत नाही. भरलेलीच राहिले असते तर वाटलं असतं. तेवढं एक ऐका. आजाऱ्याकडे डबा घेऊन जाल तेव्हा गाडीची किल्लीही मागा. आणि आजारी तुम्ही असाल, तर कृपा करून ती देऊन टाका.