रंगवलेला दांडा

माझ्या धाकट्या भावाला नेटकेपणाचं वेड आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये डिझेलचे पंप मी दुरुस्त करते आणि इंजिन तो जोडतो. त्या दिवशी एका बोटीचं इंजिन परत द्यायचं होतं. कुणी सांगितलेलं नसताना आमच्या या धाकट्या साहेबांनी आदल्या संध्याकाळी ते निळंशार रंगवून ठेवलं, पंपासकट.

बाबा नेहमीप्रमाणे इंजिनाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. हल्ली गुडघ्यांमुळे त्यांना पटकन उठता येत नाही, पण इंजिनाचा पहिला आवाज जवळूनच ऐकायचा हा हट्ट कायम आहे.

सुरू करण्याआधीचे दोन नियम त्यांनीच घालून दिलेले. इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरपासून पंपाकडे एक दांडा जातो. तो पुढे गेला की डिझेल जास्त, मागे आला की कमी, पार मागे नेला की बंद. इंजिन थांबलेलं असताना स्प्रिंग त्याला पुढे दाबून धरते; वेग वाढला की गव्हर्नर त्याला मागे खेचतो. तो अडकला तर डिझेल येतच राहतं आणि इंजिन फुटेपर्यंत धावतं. म्हणून पहिला नियम, दांडा एका बोटाने सरकवून बघायचा. दुसरा, इंजिनात हवा शिरते त्या तोंडाशी एकाने फळी घेऊन उभं राहायचं. हवा तोडली की कसलंही इंजिन मरतं. बाबांनी एकदा फळीऐवजी तळहात लावला होता. आतल्या हवा ओढणाऱ्या पंख्याच्या पात्याने उजव्या हाताची तीन बोटं नेली.

"बोट लावून बघितलंस?" मी विचारलं.

"काल बघितलं, ताई. लोण्यासारखा सरकतो."

"आणि फळी?"

"आहे इथंच कुठेतरी," म्हणत त्याने स्टार्टर दाबलासुद्धा.

इंजिन झटक्यात सुरू झालं. आवाज चढला. आता उतरेल म्हणून मी थांबले, तर तो चढतच गेला. मी बंद करायचा लिव्हर ओढला. तो जागचा हलेना. दांड्याच्या सांध्यांवर रंग सिमेंटसारखा वाळलेला दिसला. काल बघितलं होतं, पण रंगाच्या आधी.

टाकीचा कॉक मी बंद केला, पण फिल्टरमध्ये उरलेलं डिझेल पुरेसं होतं. इंजिनाखालचा अख्खा स्टँड थरथरायला लागला. "फळी!" मी ओरडले. फळी भिंतीशी होती, साहेबांच्या ब्रशांखाली, रंगाने जमिनीला चिकटलेली. मी ती उपटायला लागले. मागे वळून बघते तर बाबा खुर्चीतून पुढे झुकले होते आणि त्यांचा डावा हात, धडका हात, हवेच्या तोंडाकडे निघाला होता. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीसुद्धा नव्हती, त्याचाच मला राग आला.

"बाबा, नको!"

भावाने समोरचा रंगाचा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याचं बूड त्या तोंडावर दाबून धरलं. उरलेला रंग त्याच्या छातीवर, बाबांच्या मांडीवर सांडला. इंजिन गुदमरलं, दोनदा हिसकलं आणि थांबलं.

बाबांचा हात अजून पुढेच होता. मी तो धरून खाली आणला. सगळी पाच बोटं मी बघितली, एकेक करून. मग भावाकडे वळले. पोटभर शिव्या द्यायच्या होत्या.

"रंगवल्यावर का नाही बघितलंस?"

तो डबा सोडतच नव्हता. "रंग ओला होता ताई," तो म्हणाला. "बोटाचा ठसा उमटला असता."

मी डबा त्याच्या हातांतून काढून खाली ठेवला. बाबांनी मांडीवरचा निळा रंग पुसायचाही प्रयत्न केला नाही.

दुपारभर भावाने रॉकेलने सांधे साफ केले. रंगाचा कणही राहिला नाही, तेव्हा तो बाबांची खुर्ची ओढत पंपाशी घेऊन आला. बाबांनी उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांतलं एक, मांडीवरच्या अजून ओलसर रंगाने माखलेलं, दांड्याला लावलं. दांडा अलगद मागे गेला. त्या बोटाचा निळा ठसा लोखंडावर राहिला.

मी चिंधी पुढे केली. भावाने ती माझ्या हातातून काढून घेतली, पण ठसा पुसला नाही.