चौथी अट

प्रिंटरमधून कागद अर्धाच बाहेर आला होता, तोच नथूने तो ओढला. शाई ओली होती. अंगठ्याला काळा डाग लागला.

"अहो नथूजी, फाटेल ना! जरा सबर करा," दिवाकर म्हणाला. जुनी इंदूर भागातलं हे सायबर कॅफे त्याचंच.

"सबर करता करता गिरणी गेली आमची," नथू म्हणाला आणि त्याने चष्मा नाकावर आणला.

दर रविवारी हेच चालायचं. गिरणी बंद पडून वर्षं झाली होती. जमीन आता घरं बांधणाऱ्या एका कंपनीने घेतली होती, आणि गिरणीच्या चाळीतल्या माणसांना कुठल्या अटींवर फ्लॅट मिळणार ते कंपनी आपल्या वेबसाइटवर टाकायची. टाकायची आणि गुपचूप बदलायची. वरची तारीख तीच, खालचं नाव तेच, मधला मजकूर मात्र सरड्यासारखा. 'घर मिळेल'चं 'घर देण्याचा विचार होईल' कधी झालं, कोणाला पत्ता नाही. नथूला या लोकांची किळस यायची. गिरणीचा मॅनेजर निदान तोंडावर शिवी हासडायचा. हे खाली 'आपले हितचिंतक' लिहून केसाने गळा कापत होते.

म्हणून तो दर आठवड्याला प्रिंट काढून वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीवर लावायचा. जुन्यावर नवा कागद चिकटवायचा नाही, ही त्याची सक्त ताकीद. गिरणीच्या फाटकावर जुन्या नोटिशीवरच लेई फासून नवी लावत, आणि आधी काय कबूल केलं होतं ते मग कोणाला दाखवता येत नसे. विहारात कागद ओळीने होते. वंदना झाली की लोक भिंतीपुढे उभे राहून वाचत आणि कंपनीचा उद्धार करत घरी जात.

आज त्याने थेट चौथी अट काढली. गेल्या रविवारपर्यंत तिथे एवढंच होतं, की चाळीत राहत असलेल्या प्रत्येक कुटुंबाला फ्लॅट मिळेल. त्याच्या थोरल्या बहिणीचं, भीमाबाईचं, सगळं त्या एका ओळीवर टेकलेलं. तिचा नवरा बदली कामगार. कोणी रजेवर गेलं तरच त्याला काम मिळायचं. त्याचं नाव गिरणीच्या हजेरीपटावर कधी चढलंच नाही. तो गेला आणि ती त्याच खोलीत राहिली.

आता त्या जागी लिहिलं होतं, कामगाराचं नाव हजेरीपटावर असेल तरच फ्लॅट. बदली कामगारांच्या विधवांना योजना लागू नाही.

विधवांना! चाळीत बदली कामगाराची विधवा एकच होती. कंपनीला हे सुचलं कुठून?

मग त्याला परवाचं जेवण आठवलं. मोठ्या तोऱ्यात तोच बोलला होता, "स्वतःला लई शहाणे समजतात, पण चौथ्या अटीत फसले लेकाचे! हजेरीपट विचारायचाच विसरले. ताईला घर मिळतंय." आणि वर बजावलं होतं, हे चारचौघांत बोलायचं नाही. विहारातही तो चकार शब्द बोलला नव्हता. जेवायला तिघंच होते. तो, ताई आणि त्याचा मुलगा पंचशील.

"नथूजी, तबीयत ठीक आहे ना? पाणी देऊ?"

"दिवाकर, ही वेबसाइट लिहितं कोण?"

"कंपनी थोडीच लिहिते! ठेका देतात. हे काय, एकदम खाली बनवणाऱ्याचं नाव असतं ना, बारीक अक्षरात."

नाव पंचशीलच्या ऑफिसचं होतं. इतके रविवार नथूने फक्त अटी वाचल्या होत्या. पोरगं पलासियाच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतं, एवढं मात्र तो चाळभर सांगत फिरला होता.

कागद त्याने विहाराच्या भिंतीवर ओळीत लावला आणि कोणाशी न बोलता घरी आला.

भीमाबाई पानं वाढत होती. पंचशीलची आई गेल्यापासून दोन्ही घरांची चूल तीच सांभाळायची.

"काय म्हणते तुझी वेबसाइट?" तिने विचारलं.

"चौथी अट बदलली."

"म्हणजे माझी?"

"तुझीच."

पंचशीलचा हात ताटातच थांबला.

"बाबा, मी फक्त टाइप करतो," तो खाली बघत म्हणाला. "साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, अटींमध्ये कुठे लूपहोल आहे का. सगळे कुछ ना कुछ बोलत होते. मी पण बोलून गेलो. आत्याचं नाव नाही घेतलं मी, कसम से. परमनंट करायचं चाललंय माझं, समझो ना."

"शाबासकी दिली का साहेबांनी?"

पंचशीलने पाण्याचा तांब्या पुढे ओढला. म्हणजे दिली होती.

नथू उठला. त्याने आपलं ताट उचललं. त्याला शेजारी बसलेला पाहून ताट उचलणारी माणसं त्याने गिरणीच्या कँटीनमध्ये पुष्कळ पाहिली होती. त्याने स्वतः आजवर कोणाजवळून ताट उचललं नव्हतं. तो बाहेर पायरीवर जाऊन घराकडे पाठ करून बसला.

भीमाबाई वरणाचं पातेलं घेऊन बाहेर आली. तिने त्याला वरण वाढलं.

"बस इथे," नथू म्हणाला. "त्याच्या पंगतीला बसू नको."

"माझं ताट आत आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

ती बाहेर येईना, तेव्हा त्याने मान वळवून पाहिलं. पंचशील मान खाली घालून बसला होता. भीमाबाई त्याच्या अगदी शेजारी बसून आपल्या ताटातली भाकरी मोडत होती. अर्धी तिने त्याच्या ताटात ठेवली.

"जेव," ती म्हणाली. "घर जायचं ते गेलं."